मुक्काम किती दिवसांचा?

वारीच्या वाटेवर आपण वारकरी तीन आठवडे बेघरच असतो. ओसरी मिळाली तर ओसरी, नाही तर राहुटी, तीही भिजली तर शाळेचा व्हरांडा. पण हे बेघरपण आपण आवडीने घेतलेले. मागे घर आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली चंचीत आहे. ज्याच्या चंचीत किल्ली राहिली पण घर राहिले नाही, त्याला आसरा द्यावयाचा म्हटला म्हणजे गोष्ट निराळी होते. आसरा द्यावा की नाही, याविषयी वारकऱ्याच्या मनात शंका नसावी. किती दिवस द्यावा, ही मात्र खरीच अडचण आहे, आणि ती गोड बोलून टाळता येत नाही.

आमच्या दिंडीतला एक गडी एके वर्षी नीरेच्या अलीकडे तापाने पडला. एका शेतकऱ्याच्या पडवीत त्याला ठेवून आम्ही पुढे गेलो. परतवारीत भेटला तेव्हा तो म्हणाला, "म्हातारीनं पहिले चार दिवस पोटच्या लेकावानी केलं. पाचव्या दिवशी ताट जरा जोरात ठेवलं." आम्हांला हसू आले, पण त्यात म्हातारीचा दोष काय? तिच्या कणगीत मोजके धान्य, पेरणी डोक्यावर. खोटे कशाला सांगावे, पाचव्या दिवशी आमच्याही घरात ताट वाजले असते.

एका घराची ही कथा. राजसत्ता जेव्हा यजमान होते तेव्हा काय होते? लांब जाण्याचे कारण नाही. कोल्हापुराजवळ वळिवडे आहे. १९४० साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडातून लक्षावधी माणसे सैबेरियाच्या बाजूस हाकलून नेली. पुढे सुटका झाल्यावर त्यांतली बरीचशी इराणमार्गे बाहेर पडली, आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार जण वळिवड्याच्या छावणीत आले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. बराकींच्या रांगा उठल्या. शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर, नाटकाचे थिएटरसुद्धा झाले. खर्च मुख्यतः लंडनला परागंदा असलेल्या पोलिश सरकारचा. युद्ध संपले की ही मंडळी घरी जातील, असा सरळ हिशेब होता. युद्ध संपले १९४५ साली, पण त्यांची गावे तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती, आणि त्याच वर्षी ब्रिटनने त्या लंडनच्या सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे घर गेले, आणि शिधा पाठवणारा होता त्याचेही पाय डळमळले. छावणी १९४८ पर्यंत चालली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी. आणि गंमत पाहा, त्याच बराकींत फाळणीने उठवलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली! आजचे गांधीनगर ते हेच. कापडखरेदीला आपण जातो तेव्हा ही जागा मुळात चार दिवसांच्या मुक्कामाची होती, हे कोणाच्या ध्यानात असते?

पुढे २०२२ साली युक्रेनवर युद्ध आले, आणि लक्षावधी माणसे त्याच पोलंडात शिरली. पुष्कळांना लोकांनी आपल्या घरात घेतले. सरकारने त्या यजमानांना दर माणशी दर दिवशी ४० झ्लॉटी देऊ केले, तेही आधी ६० आणि मग १२० दिवसांपर्यंत. पैसे घेतले म्हणजे पुण्य गेले, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. कणगी भरली म्हणून म्हातारीची माया कमी होत नाही. ताट तेवढे वाजत नाही.

पुढची गोष्ट अवघड आहे. मार्च २०२३ पासून सरकारी निवाऱ्यात १२० दिवसांपेक्षा अधिक राहिलेल्यांकडून खर्चाचा अर्धा भाग आणि १८० दिवसांनंतर पाऊण भाग मागितला जाऊ लागला; वृद्ध, अपंग, गरोदर बाया अशांना सूट होती. हे ऐकून आम्ही प्रथम चिडलो. पाहुण्याकडून भाडे! मग तो आमचा तापकरी आठवला. त्याची कथा आम्ही अर्धीच सांगितली. सहाव्या दिवशी तो उठून बसला आणि पेरणीच्या भुईमूग शेंगा फोडू लागला. ताटाचा आवाज बंद झाला तो त्या दिवसापासून. नुसते घेत बसणे त्यालाही जड झाले होते. पोलंडच्या त्या कायद्याने युक्रेनच्या लोकांस आल्याबरोबर काम करण्याची मोकळीक दिली, हे आम्हांला ४० झ्लॉटींहून मोठे दान वाटते. वळिवड्यातही शाळा चालवल्या त्या त्यांच्याच मास्तरांनी.

तरीपण १२० हा आकडा आमच्या गळ्याखाली उतरत नाही. म्हातारीला पाहुण्याचा चेहरा दिसतो, ताप उतरला की नाही ते कपाळाला हात लावून कळते. सरकारपाशी हात नाही, दिनदर्शिका आहे. १२१ व्या दिवशी कोणाचा ताप उतरला आणि कोणाचा चढला, हे तिच्यात लिहिलेले नसते. सूट दिलेल्यांच्या यादीत बसत नाही, पण मुलगा युद्धात नाहीसा झाल्यापासून हात चालत नाहीत, अशा बाईने काय करावे? युरोपच्या देशांनी मिळून दिलेला तात्पुरता आसरा आधी एका वर्षाचा होता. तो वाढवत वाढवत आता मार्च २०२७ वर नेला आहे. मोठमोठ्या सत्तांनाही मुक्कामाची तिथी ठरवता आली नाही, मग त्या बाईनेच ती कशी ठरवावी?

आमचा गडी अकराव्या दिवशी निघाला तेव्हा म्हातारीने भाकरी बांधून दिली आणि, "अजून अशक्त दिसतोस, दोन दिस थांब की," म्हणाली. तो थांबला नाही. दर साली त्या दारावरून जाताना मात्र आत डोकावतो, आणि शेंगा असल्या तर बसतो.