हात यंत्राचा, उत्तर माणसाचे

नीतीचे प्रश्न म्हटले की आपल्या मनात विवाह, मालमत्ता, दारू, लाचलुचपत असे विषय येतात. कोणते लेथ मशीन घ्यावे, नवे घ्यावे की वापरलेले, त्याचा प्रोग्रॅम हाताने लिहावा की संगणकाकडून तयार करून घ्यावा, असले प्रश्न आपण मिस्त्री, बँकेचा अधिकारी आणि मशीन विकणारा यांच्यावर सोपवून मोकळे होतो. रविवारच्या प्रवचनात त्यांना सहसा जागा मिळत नाही. तरीही ज्या घरातला कर्ता मुलगा दिवसाचे दहा-बारा तास यंत्रासमोर उभा असतो, त्या घराची नीती पुष्कळशी त्या यंत्रापाशीच घडते किंवा बिघडते. म्हणून या प्रश्नांकडे श्रद्धावंतांनीही एकदा नीट पाहावे, असे मला वाटते.

औरंगाबाद धर्मप्रांतात मोडणारा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १ मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि आपल्या उपासनेच्या पंचांगात कामकरी संत योसेफ यांचा सण. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. कष्टाच्या सणाला जन्मलेला हा जिल्हा आजही मुख्यतः शेतीचाच आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. हळद, सोयाबीन, कापूस, ऊस ही त्याची पिके. अशा भागातल्या वर्कशॉपमध्ये येणारे कामही त्याच मातीतले असते. हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमचा झिजलेला शाफ्ट, मळणी यंत्राची पुली, ट्रॉलीचा बुश, पंपाचा एखादा सुटा भाग. एक नग आला, मोजला, करून दिला, असा तेथला रिवाज.

आता अशा एका तरुणाची कल्पना करा. आयटीआयमधून टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून तो वाळूजच्या किंवा चाकणच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काही वर्षे राबला आहे. आईवडील थकल्यामुळे तो गावी परततो आणि स्वतःचे वर्कशॉप काढायचे ठरवतो. त्याला पडणारे प्रश्न अगदी व्यवहारातले आहेत. प्रोग्रॅम कसा करू? मशीन कोणते घेऊ? हाताखाली कोणाला ठेवू आणि त्याला किती शिकवू? या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, असे मला दिसते. यंत्राने केलेल्या कामाचे उत्तर कोणी द्यायचे?

प्रथम हे यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. साध्या लेथवर कारागीर हाताने चाक फिरवून टूल पुढे-मागे नेतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करीत होते. त्या पात्यांची वक्र रेषा हाताच्या अंदाजाने नेमकी साधेना, म्हणून त्यांनी ती आकड्यांत मांडून यंत्राला आकड्यांनीच चालवण्याची कल्पना पुढे नेली. एमआयटी या संस्थेने १९५२ साली छिद्रे पाडलेल्या फितीवर चालणारे असे मिलिंग मशीन दाखवले. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली आणि सीएनसी जन्माला आले. जी-०० म्हणजे वेगाने जा, जी-०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, जी-०२ आणि जी-०३ म्हणजे वळणाने कापत जा, एम-०३ म्हणजे स्पिंडल फिरव. अशा तुटक आज्ञांची ही भाषा आहे.

या भाषेचा एक गुण तोच तिचा धोका. ती शब्द पाळते, हेतू ओळखत नाही. काही जुन्या कंट्रोलवर दहा मिलिमीटर सांगताना आकड्यापुढचा दशांश टिंब राहिला, तर यंत्र तो आकडा दहा मायक्रॉन म्हणून वाचते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समोर उभा असलेला अनुभवी मदतनीस म्हणाला असता, ‘‘उस्ताद, हे माप कसे असेल?’’ यंत्र तसे म्हणत नाही. ते निमूटपणे सांगितलेले करते. टूलची धार झिजली, चकमध्ये जॉब सैल धरला गेला, ऑफसेटमध्ये चुकीचा आकडा भरला गेला, तरी साध्या यंत्राचा चेहरा बदलत नाही. आपण ज्याला आज्ञापालन म्हणतो, त्यात माणसाच्या बाबतीत समज आणि विवेक गृहीत असतो. यंत्राच्या आज्ञापालनात ते दोन्ही नसतात.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते. प्रोग्रॅम हाताने लिहावा की कॅम सॉफ्टवेअरकडून घ्यावा, यात पाप-पुण्य नाही. वळणावळणाचा साचा करायचा असेल तर हजारो ओळी हाताने लिहीत बसणे वेडेपणाचे ठरेल. परंतु जो प्रोग्रॅम आपल्याला वाचताच येत नाही, तो आपल्या नावावर चालवणे ही वेगळी गोष्ट आहे. साधे जॉब हाताने लिहायला शिकलेला कारागीर संगणकाने दिलेल्या ओळींतली विसंगती ओळखू शकतो. चकच्या दिशेने वेगात जाणारी एक ओळ त्याच्या डोळ्यांत खुपते. मग तो आधी जॉबशिवाय फेरी करून पाहतो, नंतर एकेक ओळ थांबवत चालवतो, पहिला नग मोजतो आणि मगच पुढचे नग लावतो. या पायऱ्या वेळखाऊ आहेत. पण सायकल स्टार्टचे हिरवे बटण दाबणाऱ्या बोटाला त्याच पायऱ्या नैतिक अधिकार देतात.

मोठ्यात मोठ्या कामातही हीच गोष्ट खरी ठरली आहे. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय गुळगुळीत घासला गेला होता. पण तो चुकीच्या आकारात घासला गेला होता. कडेला सुमारे दोन मायक्रॉन अधिक सपाट. मापनाच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले होते, आणि यंत्राने त्या चुकीचे तंतोतंत पालन केले. अधिक साध्या चाचण्यांनी काहीतरी बिघडले आहे असे सुचवले होते. मुख्य उपकरण जास्त अचूक म्हणून त्या चाचण्यांचे म्हणणे बाजूला ठेवण्यात आले. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. बारीक माप आणि खरे माप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या आरशाने शिकवले.

दुसरा प्रश्न, मशीन कोणते घ्यावे? लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतात. काम सुरू करण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब केला नाही, तर पाया घालून काम अडते आणि पाहणारे हसतात. हा दाखला शिष्यत्वाची किंमत सांगण्यासाठी आहे. पण ज्या हिशेबी शहाणपणाचा दृष्टांत प्रभूने निवडला, ते शहाणपण आपल्यालाही वर्ज्य नाही. हिंगोलीतल्या या तरुणाने प्रथम आपल्याकडे येणारे काम पाहावे. एकच झिजलेला शाफ्ट दुरुस्त करायचा असेल, तर प्रोग्रॅम आणि सेटिंग होईपर्यंत जुन्या लेथवरचा हात तो नग उरकून टाकतो. सीएनसीचा खरा लाभ एकसारखे पाचशे नग असतील तेव्हा. ते नग देणारा ग्राहक दूरच्या शहरात असेल, तर त्याची मागणी किती टिकेल? वापरलेले मशीन स्वस्त मिळते. पण त्याचा बॉलस्क्रू झिजला आहे का, कंट्रोलचे कार्ड आज मिळते का, बिघाड झाल्यास दुरुस्त करणारा किती दूरवरून येणार, थ्री फेज वीज किती तास स्थिर राहते? बंद पडलेल्या मशीनचाही बँकेचा हप्ता चालूच राहतो.

आणखी एक गोष्ट आहे. नकाशावरचे माप २० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेले असते, असा जागतिक संकेत आहे. पोलाद एका मीटरला एका अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली चाळीस अंश गाठले, तर शंभर मिलिमीटरचा तुकडा सुमारे २४ मायक्रॉनने मोठा होतो. पडद्यावर मायक्रॉन दाखवणारे महागडे मशीन घेतले, पण ते माप तपासण्याची सोय नसली, तर ती अचूकता केवळ पडद्यावर राहते. ज्या यंत्राच्या कामाचे उत्तर आपण ग्राहकाला, बँकेला आणि आपल्या घरच्यांना देऊ शकू, तेच यंत्र आपले. त्याहून मोठे यंत्र प्रतिष्ठेचे असेल, पण ते आपले नसते; आपण त्याचे असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सीएनसीच्या कंट्रोलला बहुधा एक लहानशी किल्ली असते. ती फिरवली की प्रोग्रॅम बदलता येत नाही. चुकून कोणी आकडा बदलू नये म्हणून ती असते, आणि ती खबरदारी रास्त आहे. पण अनेकदा ही किल्ली मालकाच्या खिशातच राहते. हाताखालच्या मुलाने जॉब लावायचा, दार बंद करायचे, बटण दाबायचे, जॉब काढायचा. वर्षे सरली तरी त्याला ओळींचा अर्थ कळत नाही. आणि जॉब नापास झाला, तर बोलणी मात्र त्यालाच बसतात. ज्याला ज्ञान दिले नाही त्याच्याकडून उत्तर मागणे, हा अन्याय आपल्या वर्कशॉपमध्ये इतका रोजचा झाला आहे की तो अन्याय वाटेनासा झाला आहे.

यावर एक आक्षेप येईल. मुलाला सगळे शिकवले तर तो उद्या दुसरीकडे जाईल किंवा समोरच दुकान थाटेल. भीती खोटी नाही. लहान वर्कशॉपवाल्याला ती महागात पडू शकते, हे मान्य करावेच लागेल. तरीही पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या विश्वपत्रात मांडलेला विचार येथे आपली वाट अडवतो. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. आणि तंत्र हे माणसाचे मित्र असले, तरी ते त्याची कामातली गोडी व जबाबदारी काढून घेऊ लागले की जवळजवळ त्याचे वैरी होते, असा त्याचा आशय आहे. येथे दोष लोखंडाच्या यंत्राचा नसतो, किल्ली कोणाच्या खिशात ठेवायची हे ठरवणाऱ्या माणसाचा असतो. मे २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी आपले नाव निवडताना ‘रेरुम नोवारुम’ (१८९१) लिहिणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाची प्रतिष्ठा राखण्याची गरज बोलून दाखवली. उद्या प्रोग्रॅमही कृत्रिम बुद्धिमत्ता लिहील. तेव्हा किल्लीचा प्रश्न मालकापर्यंतही येईल.

हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रोटॉनच्याही हजारो पट सूक्ष्म फरक मोजायचा, असे ते काम. या प्रकल्पाच्या अमेरिकेतील भावंडांनी आपल्याला शिकण्याजोगे काही केले आहे. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी यंत्रात गुपचूप एक खोटा संकेत घातला. असे केव्हाही होऊ शकते हे सर्वांना ठाऊक होते, पण केव्हा ते ठाऊक नव्हते. शास्त्रज्ञांनी कित्येक महिने तपासणी करून शोधनिबंधही तयार केला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला आणि संकेत बनावट असल्याचे कळले. त्या परीक्षेत यंत्राबरोबर माणसेही तपासली गेली. खरा संकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी आला, तेव्हाही कोणी तो मुद्दाम घातलेला नाही ना, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली.

एवढ्या मोठ्या यंत्रापासून पत्र्याच्या शेडमधल्या लेथपर्यंत एकच धागा आहे. जुन्या करारातील अनुवाद ग्रंथ पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवण्यास मनाई करतो. आजच्या वर्कशॉपमधली दुसऱ्या प्रकारची वजने म्हणजे न मोजता भरलेला तपासणीचा कागद. पाच नग मोजायचे, पन्नास आकडे लिहायचे. हे पाप सीएनसी करत नाही. त्याला ते करताच येत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

याच जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. ते शिंपी होते. गज आणि कात्री त्यांच्या घरातली. नाझरेथच्या योसेफाने केलेली एकही वस्तू आज उरलेली नाही. त्याने कोणती हत्यारे वापरली हेही शुभवर्तमान सांगत नाही. त्या घरातल्या मुलाला मात्र गावाने सुतार म्हणून ओळखले, म्हणजे बापाने आपली विद्या मुलापासून लपवून ठेवली नव्हती. गावी परतलेल्या त्या तरुणाने आपल्या ऐपतीचे मशीन घ्यावे, त्याची भाषा स्वतः शिकावी, आणि हाताखालचा मुलगा ती वाचू लागेल त्या दिवशी किल्ली त्याच्याही हाती द्यावी. मग जॉब बिघडला तर दोघे मिळून उत्तर देतील, आणि नीट झाला तर त्याचा आनंदही दोघांचा असेल.