अंगावर काढलेली दुखणी

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात नागदेवाचार्यांच्या साहाय्याने वऱ्हाडातल्या रिद्धपुरात चक्रधरस्वामींचं लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात बाईच्या विटाळाविषयीची एक लीळा आहे. देहाची नऊ द्वारं स्रवतातच, नाकातून शेंबूड यावा तसाच हाही एक स्राव, त्यात बाट कसली, असा चक्रधरस्वामींच्या सांगण्याचा रोख. शरीरधर्माला लाजेच्या कोठडीतून बाहेर काढणारं इतकं स्वच्छ बोलणं मराठीत एवढ्या आधी झालं, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि तरीही याच वऱ्हाडात आजची बाई ‘मले अंगावरून पांढरं जाते’ हे सांगायला महिने घालवते. दुखणं अंगावर काढते. पुरुषाची तऱ्हा वेगळी. तो रस्त्याकडेच्या तंबूत जाऊन गुप्तरोगाची जडीबुटी घेतो आणि आजार घरी आणतो. काविळीचंही तसंच: ती दिसली की माळ घालायची, चुन्याच्या पाण्यात ती उतरवून घ्यायची. पण हेपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं डोळे पिवळे न करता यकृत पोखरत राहतात. त्यांना झाडून काढणार कसं? ते रक्त तपासल्याशिवाय कळतच नाहीत.

या मौनाची खोली महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट मोजली ती डॉ. राणी आणि अभय बंग यांनी. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रिया त्यांनी तपासल्या. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. कुटुंबनियोजनापलीकडे बाईच्या या दुखण्यांकडे न बघणाऱ्या आरोग्यव्यवस्थेला तो आकडा चांगलाच लागला. पुढे त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने शोधग्रामला दवाखाना बांधला, तोही आदिवासींना विचारून. मोठ्या इमारतीची त्यांना धास्ती वाटे, नातेवाईक जवळ हवे असत. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्या उभ्या राहिल्या आणि नाव पडलं माँ दंतेश्वरीचं.

ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींची कथा याच्या शेजारी ठेवावीशी वाटते. 1965 मध्ये बारूख ब्लूमबर्ग यांनी ज्या ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची नोंद केली, तो एका मूलनिवासी माणसाच्या रक्तात सापडला होता. तीच पुढे हेपॅटायटिस बीची खूण ठरली, त्यावरून चाचणी आली, लस आली, 1976 चं नोबेलही आलं. जगाला ही किल्ली ज्यांच्या रक्ताने दिली, त्यांच्या वस्त्यांत तो आजार आजही इतरांपेक्षा अधिक आहे. हा अन्याय मला सोसत नाही. त्या लोकांनी मात्र 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये स्वतःची आरोग्यसेवा सुरू केली, कारभार स्वतःच्या हाती ठेवला. आज अशा अनेक सेवा तिथे आहेत. वर्षातून एकदाच्या सर्वांगीण तपासणीत लैंगिक आजारांची आणि यकृताची चाचणी सहज मिसळता येते, म्हणजे कोणा एकालाच बाजूला बोलावलं असं होत नाही. दुर्गम वस्त्यांतल्या एका मोठ्या प्रयोगात चाचण्या वाढल्या, पण लागण तेवढी घटली नाही. तपासून भागत नाही. अहवाल येण्याआधी माणूस दुसरीकडे निघून गेलेला असतो.

हे मेळघाटाला किती लागू पडतं! तिथली कोरकू आदिवासी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, होळीला परततात. उपकेंद्रात एचआयव्हीच्या चाचणीसाठी गरोदर बाईच्या बोटाला सुई टोचतात, पट्टीवर थेंब सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. एक गुलाबी रेघ उमटायलाच हवी, ती उमटली की पट्टी चांगली. दुसरी, लागणीची, उमटते का याकडे सिस्टर पाहते आणि बाई सिस्टरच्या तोंडाकडे. बाहेर आशाताई बसलेली, ती गावातलीच, कदाचित नात्यातली. तिच्यामुळेच बाई इथवर येते आणि तिच्याचमुळे गप्पही बसते. 2017 चा एचआयव्ही कायदा संमती आणि गुप्ततेची हमी देतो, पण भिंत पत्र्याची असेल तर कायदा तिच्याआड काय राखणार?

मला वाटतं, तपासणी सगळ्यांची व्हावी आणि एकाच टोचण्यात व्हावी. सिकलसेलसाठी आदिवासी भागात 2023 पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे. त्या तपासणीला लोक तेवढे लाजत नाहीत. त्याच वेळी, त्याच बोटातून, रीतसर विचारून, हेपॅटायटिस आणि सिफिलिसचीही चाचणी व्हावी. औषधांची अडचण पूर्वीसारखी नाही: 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपॅटायटिस बी आणि सीचे उपचार मोफत आहेत, आणि सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीची लस बाळाला पहिल्या चोवीस तासांत मिळायला हवी, म्हणून घरी बाळंतपण करणाऱ्या दाईशी आधीच बोलणं करून ठेवायला हवं. तपासणीचे दिवस मात्र जिल्ह्याच्या कागदावरून ठरू नयेत. होळीआधी गावात बसून, पोलीसपाटील आणि बायांना विचारून ते ठरावेत. अहवालही माणूस पुन्हा कामाला निघण्याआधी त्याच्या हातात पडावा, बंद दाराआड, कोरकूत समजावून.