एका दिवसाचा पाहुणा

गेल्या हिंवाळ्यांत मंडळींतील कांहीं तरुण व एक वृद्ध उपदेशक यांजबरोबर मीं घारापुरी बेट पाहिलें. मुंबईस अपोलो बंदराहून लाँचनें सुमारें एका तासांत तेथें पोहोंचतां येतें. तेथील लेणीं सन १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहेत. पाळकानें लेण्यांत कां जावें, असें कोणी पुसलें तर माझें उत्तर इतकेंच कीं, पाहणें म्हणजे भजणें नव्हे. मला पडलेला प्रश्न मूर्तींचा नसून माणसांचा आहे. पैसे देऊन एका दिवसाकरितां परक्या गांवीं गेलेल्या मनुष्याचें त्या गांवाशीं कांहीं नातें असतें काय? भाडें दिलें, तिकीट काढिलें. आतां कोणाचें देणें उरलें?

लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर दुतर्फा दुकानें आहेत. तेथें एका म्हातारीपाशीं काकड्या घेतांना आमच्यांतील एका तरुणानें पांच रुपयांसाठीं बराच घोळ घातला. लाँचचें भाडें मात्र त्यानें निमूटपणें दिलें होतें! बाजारीं भाजी घेऊन बसणाऱ्या आपल्या बहिणींस ही घासाघीस चांगली ठाऊक आहे. म्हातारीनें पांच रुपये सोडिले, वर तिखटमीठही दिलें. मीं विचारिलें, "आजी, येथेंच राहतां का?" ती म्हणाली, "होय बाबा, राजबंदरास."

मग दिव्यांची गोष्ट निघाली. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर हीं बेटावरील तीन गांवें. समुद्रांतून सुमारें ७.५ किलोमीटर तार टाकून त्यांस कायमची वीज मिळाली ती सन २०१८ च्या फेब्रुवारींत. तोंवर संध्याकाळीं कांहीं तास जनरेटर चाले, मग अंधार. आणि पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे रात्रभर दिसत. प्रवाशास तेथें रात्रीं राहतां येत नाहीं, म्हणून येऊन गेलेल्या असंख्य लोकांनीं तो अंधार पाहिलाच नाहीं.

न पाहिल्याचा दोष लागतो काय? आम्हांस ठाऊक नव्हतें, असें कोणी म्हणेल. खरें; परंतु विचारणें तर आपल्या हातीं होतें. लूकाच्या शुभवर्तमानांतील श्रीमंतानें लाजरास मारिलें किंवा हांकून दिलें असें कोठें लिहिलेलें नाहीं. लाजर दाराशीं पडला होता, इतकेंच. उलट गलबत फुटून पौल मिलिता बेटावर लागला, तेव्हां तेथील लोकांनीं पावसांत त्याच्यासाठीं शेकोटी पेटविली, आणि त्यानें बेटाच्या मुख्याच्या आजारी बापाजवळ जाऊन प्रार्थना केली. तेथें कोणीं हिशेब मांडला नाहीं.

पाहुणा कधीं कधीं घराचें नांवही बदलतो. दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनीं या बेटास एलिफंटा म्हटलें. पुढें तो हत्तीही मुंबईस नेला गेला. आज तो भायखळ्यास जिजामाता उद्यानांत आहे. बेटावरचे लोक आपल्या गांवास अजून घारापुरीच म्हणतात.

परततांना उपदेशकांनीं मला विचारिलें, "पाळकसाहेब, त्या काकडीवाल्या बाईंचें नांव काय हो?" मला सांगतां येईना. लाँच तोंवर बरीच पुढें आली होती, आणि ते पांच रुपये त्या तरुणाच्या खिशांतच होते.