तुळाजीचं काय करायचं होतं?

(धुळे. राजवाडे संशोधन मंडळातून बाहेर पडल्यावर चुलते-पुतण्यांत झालेलं बोलणं.)

"आप्पा, तुळाजी आंग्र्यांना बंडखोर म्हणता? १७५४ साली डचांच्या लढाऊ जहाजांना भिडलेला सरखेल, आरमाराचा प्रमुख तो!"

"शूर होता, कोण नाही म्हणतं? पण सावंतांचा, बावडेकर अमात्यांचा मुलूख कुणी मारला? तोफा हाताशी आहेत म्हणून पेशव्यांना जुमानायचंच नाही, मग राज्य चालवायचं कसं? आणि आपल्या बाजूनंही बघ. बुऱ्हाणपूरचं कापड नंदुरबारवरून सुरतेच्या बंदराला जायचं. पुढे समुद्रात आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, नसला की जहाज धरलं. ज्याचं गाठोडं गेलं, त्यानं पोवाडा गायचा का?"

"दस्तक त्यांच्या वडिलांचा, कान्होजींचाही होता. शिवाय ते ताराबाईंच्या पक्षाचे. तरी १७१३ साली बाळाजी विश्वनाथ बोलायला गेले नि त्यांना शाहू महाराजांकडे घेऊन आले."

"कान्होजी ऐकणारा होता, बापू."

"बरं, नसेल हा ऐकणारा. करा की शिक्षा! पण ती इंग्रजांच्या हातून? १७५५ साली कंपनीच्या कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गावर आलं, सोबत क्लाइव्ह. एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. ते जहाज तुळाजींनी कंपनीकडूनच हिसकावलेलं. तुळाजींच्या लढाऊ गुराबा एकमेकींना खेटून बांधलेल्या. आग या शिडावरून त्या शिडावर गेली, आरमाराची राख झाली."

"पेशव्यांकडे त्या तोडीचं आरमार होतं कुठं? समुद्राकडून किल्ला कोंडणार कशानं?"

"म्हणूनच ते जाळायचं नव्हतं! दंड सरखेलाला करा, गुराबांनी काय केलं होतं?"

आप्पांनी यावर चष्मा काढून पुसला. शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हाही उत्तर अडलं की हेच करायचे.

"एक मात्र खरं," ते म्हणाले, "तुळाजी इंग्रजांकडे नाही गेला. बोलणी करायला आला तो पेशव्यांच्याच छावणीत, रामाजी महादेवांकडे."

"आणि जन्मभर कैदेत पडला."

माझं मत पुतण्याच्या बाजूनं आहे. तुळाजीला आवरणं हा नानासाहेब पेशव्यांचा हक्क होता, पण ते काम परक्याला मक्त्यानं देण्याचा नव्हता. इंग्रजांनी विजयदुर्ग लगेच सोडलाही नाही. तो परत मिळाला ऑक्टोबर १७५६च्या तहानं, बाणकोट देऊन. त्याच महिन्यात वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालच्या वाटेला लागले. जून १७५७ मध्ये प्लासी झाली.