थापटण्याचा आवाज

भाविकहो, सोलापुरात एका घरी नातीने चित्रकलेच्या परीक्षेसाठी काढलेले चित्र पाहिले. माठ, मडके, गाडगे, अगदी हुबेहूब! आजी म्हणाली, "माठ झ्याक काढलाय गं, पर पानी कुठनं घिऊ?" आम्ही हसलो, पण तो बोल मनात राहिला.

माठ विकत घेताना आपण नुसते रूप पाहत नाही, टिचकी मारून आवाज ऐकतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाकांनी हेच केले, अशी कथा आहे. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखले. सारे शांत राहिले. नामदेवराय तेवढे रागावले. काकांनी मडके कच्चे ठरविले. देवाशी बोलणारा भक्त, आणि कच्चा! नामदेवराय रडत पंढरीस आले, देवाच्या सांगण्यावरून विसोबा खेचरांना शरण गेले, तेव्हा ते मडके पक्के भाजले.

मंडळी, माळ, टिळा, पताका हे आपले चित्र देखणे खरे. पण दिंडीत धक्का लागला, घरी सून उलट बोलली, की आतून कोणता आवाज निघतो? तेच आपले थापटणे. मारणाऱ्यावर रागावू नये, आपला आवाज ऐकावा. कच्चे निघालो तर लाज कसली? नामदेवरायही निघाले होते. भाजून घेण्याची तयारी मात्र हवी.

रामकृष्णहरि!