जरुरतीची मर्यादा

आमच्या घरात काळा गुळगुळीत तवा आला आणि बिडाचा तवा माळ्यावर गेला. कमी तेलात अंडे सुटते, घासायचा त्रास नाही; आणखी काय हवे? या गुळगुळीतपणामागच्या रसायनांच्या कुळाला पीएफएएस म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिनची त्यांतली पकड इतकी घट्ट, की निसर्गाला ती सहसा सोडवता येत नाही. त्यांतली बरीच पाण्यात उतरतात, आणि पाण्यातून रक्तात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ साली याविरुद्ध कायदा केला. त्याला अमारा स्ट्रँडचे नाव आहे. या रसायनांनी पाणी दूषित झालेल्या भागात ती वाढली. यकृताचा दुर्मीळ कर्करोग झाला असताना तिने आमदारांपुढे साक्ष दिली, आणि कायदा होण्याआधीच विसाव्या वर्षी ती गेली. १ जानेवारी २०२५ पासून तवे, गालिचे, सौंदर्यप्रसाधने अशा ११ प्रकारच्या वस्तूंत ही रसायने मुद्दाम घालण्यास बंदी आली. २०३२ पासून ती बहुतेक सर्व वस्तूंना लागेल. त्यातून सुटण्याची मोठी वाट म्हणजे वापर 'सध्या अटळ' असल्याचे राज्याला पटवणे.

या दोन शब्दांपाशी आम्ही अडलो. जरुरतीपोटी निषिद्ध गोष्टही चालते, हे फिकहला जुने ठाऊक आहे. पण जाणकारांनी लगेच अट घातली, की जितकी जरुरत तितकीच मोकळीक. आणखी एक अट आहे, ती मात्र आपल्या वाजांत क्वचितच ऐकू येते: आपल्या अडचणीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. भुकेने मरणाऱ्याने परक्याची भाकरी खाल्ली तर गुन्हा नाही, पण भाकरीची किंमत त्याला द्यावीच लागते.

दवाखान्यातील उपकरणाला सूट मिळावी, यात आमचा वाद नाही. पण तव्यासाठीही उत्पादक कोर्टात गेले! आणि सूट मिळालेले रसायन कुठेतरी बनवावे लागतेच. इटलीत त्रिस्सिनो येथे ते बनत होते; तिथे लाखो लोकांचे पाणी नासले. कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत निघाला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. यंत्रे मात्र भंगारात गेली नाहीत. ती विकली गेली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला आली.

'अटळ' ठरवणाऱ्या सुनावणीला खाडीकाठचा मच्छीमार नसतो. भाकरी त्याची असेल, तर किंमत त्याला कोण देणार, हा रकाना आम्हाला त्या कायद्यात दिसला नाही.

बिडाचा तवा आम्ही माळ्यावरून काढला आहे. पहिली दोन घावनं चिकटली.