पुढल्या पावसाळ्याची तरतूद

पुण्यात आषाढ-श्रावणात फ्लूचे रुग्ण वाढतात आणि विषाणू प्रयोगशाळेत शीतपेट्यांची रीघ लागते. प्रत्येक नळीत गुलाबी द्रवात बुडालेली स्वॅबची काडी असते. सोबतच्या अर्जावर वय, तालुका आणि ताप आल्याची तारीख. या कामात उमेदीची वर्षे गेली, पण एक विसंगती मनातून कधी गेली नाही. फ्लू आहे की नाही, एवढे रुग्णाला लवकर कळते. त्याच्या नमुन्यातील विषाणूचा जनुकीय क्रम हाती येतो तोवर मात्र तो बहुधा बरा होऊन कामाला लागलेला असतो, क्वचित नसतोही. दोन्ही परिस्थितींत त्या क्रमाचा त्याला स्वतःला काही उपयोग नाही.

मग हा खटाटोप कोणासाठी? इन्फ्लुएन्झाच्या ‘ए’ आणि ‘बी’ प्रकारांचा जनुकसंच आठ तुकड्यांत विभागलेला असतो. त्यात सुमारे साडेतेरा ते साडेचौदा हजार अक्षरे असतात. नक्कल करताना झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच्या विकरापाशी नाही. बहुतेक चुका वाया जातात. परंतु पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात मोक्याच्या जागी एखादा बदल झाला, की गतवर्षीची प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत. ‘ए’ प्रकारातील एच३एन२ हा उपप्रकार या बाबतीत विशेष चपळ आहे.

क्रम वाचला म्हणजे अर्थ लागला, असेही नाही. त्यासाठी ९६ खळ्यांची प्लेट घेऊन विषाणू, प्रतिपिंडे आणि तांबड्या रक्तपेशी एकत्र सोडाव्या लागतात. प्रतिपिंडांनी विषाणूला रोखले, तर पेशी तळाशी बसून नीटस लाल ठिपका होतो आणि प्लेट तिरपी करताच तो ओघळतो. रोखले नाही, तर पेशी विषाणूशी जखडून खळीभर पसरून राहतात. क्रमांवरून काढलेल्या पडद्यावरच्या वंशवृक्षापेक्षा माझा विश्वास या ओघळावर अधिक; तो जुन्या वळणाचा म्हणावा लागेल, कारण अलीकडचे एच३एन२ विषाणू रक्तपेशींना पूर्वीसारखे चिकटत नाहीत आणि ही कसोटी अपुरी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेचे फ्लूचे पाहणीजाळे १९५२ पासून चालू आहे. लशीत कोणते विषाणू घ्यावेत, याची शिफारस उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये होते. कारण लस तयार होण्यास सुमारे सहा महिने लागतात. २०१४ च्या फेब्रुवारीत एच३एन२ साठी २०१२ चा टेक्सासचा विषाणू निवडला गेला. बदललेले विषाणू नजरेस येऊ लागले ते मार्चअखेर. त्या हिवाळ्यात अमेरिकेत लशीची परिणामकारकता जेमतेम १९ टक्के ठरली. निवड करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. मला तो न्याय्य वाटत नाही. त्यांच्या कर्तव्याचे माप फेब्रुवारीत जे कळू शकत होते ते कळले होते का, या प्रश्नानेच घ्यावे लागेल. आणि त्या प्रश्नाचे उत्तर बैठकीच्या दालनात नव्हे, तर जगभरच्या दवाखान्यांत ठरते. नमुना तालुक्याच्या शीतकपाटात पडून राहिला, तर नंतर त्याचा क्रम कितीही अचूक वाचला तरी शिफारशीच्या दृष्टीने तो उशिराचाच. घशातून काडी फिरवून घेणाऱ्या रुग्णाने सोसलेली उबळ तेव्हा खऱ्या अर्थाने वाया जाते, कारण ती पुढल्या वर्षीच्या अनोळखी माणसासाठीच होती.

या कामाचा दुसरा भाग आणखी नीरस आहे. ‘बी’ प्रकारातील दोन वंशांपैकी यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर निसर्गात खात्रीने आढळलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तो लशीतून वगळण्याची शिफारस झाली. हे ज्ञान हाती आले ते असंख्य नमुन्यांत काहीही न सापडल्यामुळे. आता तरुण सहकारी विचारतात, “सर, यामागातासाठी रसायने कशाला खर्च करायची?” प्रश्न रास्त आहे, रसायने महाग असतात. तरीही ‘बी’ प्रकारचा प्रत्येक नमुना दोन्ही वंशांसाठी तपासावा, असे माझे मत आहे. आपण आज थांबलो, तर ‘तो आढळलेला नाही’ हे विधान आजच्या तारखेपलीकडे करता येणार नाही.